बी गुदमरलं म्हणे

माझे सासरे माझ्याशी आयुष्यभर अत्यंत आदराने वागले आणि माझ्याबद्दल आयुष्यभर खोटं बोलले. दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी जमत. मी समोर असलो की "जावईबापू, पंख्याखाली बसा," आणि मी स्टँडकडे वळलो की "ह्यांच्याच पन्नीत बी गुदमरलं व्हतं." मला तेव्हा राग यायचा, आजही येतो. वय झालं की राग निवतो असं जे सांगतात, त्यांचे सासरे वेगळे असणार.

त्यांचं वडीगोद्रीला रस्त्याला लागूनच दुकान होतं. बियाणं, खत, फवारणीचं औषध. मागच्या बाजूला घर. आमच्या दोन्ही घरांत दोनतीन पिढ्यांमागे मेंढरं होती. आमच्याकडे ती गोष्ट सहज निघायची, त्यांच्याकडे निघाली की सासरे खोकायचे. मी राजूरकडचा. केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली एक्क्याऐंशी साली, मग काही वर्षं ठाण्याकडच्या एका कारखान्यात काढली, आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक फिल्मचा कारखाना निघाला तेव्हा परत आलो. परत येण्यासारखी हौस दुसरी नाही आणि तिच्यासारखी शिक्षाही दुसरी नाही.

आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे रस्त्याचा किंवा धरणाचा. बघण्याच्या कार्यक्रमात सासऱ्यांनी पहिला प्रश्न तोच केला.

"मंजे पाटबंधाऱ्यात का?"

"नाही. पॉलिमरमध्ये."

"ते काय आसतंय?"

मी समजावून सांगू लागलो. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, त्यांची पातळ फिल्म काढायची, फिल्मची पिशवी, पाकीट करायचं. मी तीन-चार वाक्यं बोललो असेन. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बैठकीकडे वळून म्हणाले, "मंजे पन्नी."

बैठक हसली. पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या मुलीच्याही तोंडाच्या कडा हलल्या, ते मी पाहिलं. आमच्याकडे पातळ प्लास्टिक म्हटलं की पन्नीच. कडब्याच्या गंजीवर टाकायची ती पन्नी, भाजीची पिशवी पन्नी, आणि माझी पदवीही पन्नीच. लग्नाच्या पत्रिकेत मात्र माझ्या नावापुढे ठसठशीत 'इंजिनिअर' छापून घेतलं होतं. कशाचा, ते लिहिलं नव्हतं.

मला माझं काम आवडत होतं, हे स्पष्टच सांगतो, कारण ते कुणी विचारलं नाही. वितळलेलं प्लास्टिक एका गोल फटीतून वर येतं, त्यात हवा भरली की त्याचा फुगा होतो, आणि तो फुगा छपराकडे चढत चढत गार होतो. वरच्या रुळांत तो चपटा झाला की फिल्म तयार. वीज गेली की फुगा खाली बसायचा आणि फटीत माल जळायचा. मग अख्खी पाळी पितळी पट्ट्यांनी खरवडत बसायचं. जालन्यात वीज जायची ती सांगून जायची नाही. त्या फुग्यापायी मी वीज मंडळाला जेवढ्या शिव्या दिल्या असतील तेवढ्या फक्त सासऱ्यांना दिल्या, त्याही मनात.

जालना म्हणजे बियाण्याचं गाव. त्या वेळी संकरित बाजरीचं बी कापडी पिशवीतून विकलं जायचं. कापडातून पावसाळी हवा आत जायची. पत्र्याच्या दुकानात पिशवी महिनाभर पडली की बी ओल धरायचं आणि उगवण घटायची. ते मला बघवत नव्हतं. मी काही पावसाळे घालवून एक पाकीट तयार केलं. बाहेरून छपाईचा थर, मध्ये ॲल्युमिनियमची पातळ फॉइल, आतून पॉलिथिन. वाफ बाहेरून आत जाणार नाही. पण मग आतली बाहेरही येणार नाही. सगळी गोम याच दुसऱ्या वाक्यात होती आणि हे दुसरं वाक्य मी ओरडून ओरडून सांगितलं. कापडी पिशवीत बी थोडं ओलसर भरलं तरी चालतं, ते पिशवीतून सुकत राहतं. पाकिटात भरायचं तर ते आधी खडखडीत, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाळलेलं पाहिजे. वाळलेलं बी झोपलेलं असतं. ओलं बी जागं असतं, तापतं, आणि बुरशीला जेवायला बोलावतं.

हे सगळं मी जिथे सांगितलं ती एक बियाण्याची कंपनी होती. तिच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या खळ्यावर बी वाळलं की नाही हे ठरवायची एकच रीत होती. तीन जुनी माणसं उकिडवी बसायची, चिमूटभर बाजरी तोंडात टाकायची आणि दाढेखाली दाबायची. 'कट्ट' असा आवाज आला की मान हलवायची. "वाजलं." वाजलं म्हणजे वाळलं, वाळलं म्हणजे भरा. कापडी पिशवीसाठी ही रीत बरोबर होती, मी ती कधीच वाईट म्हटली नाही. पण दाढेला वाजणारी बाजरी माझ्या पाकिटासाठी अजून ओलीच असायची. दाढेला तेवढा फरक कळत नाही. कळायचं कारणही नाही, दाढ त्यासाठी दिलेली नाही.

दाण्यातला ओलावा मोजायचं यंत्र भाऊंकडे होतं. ते मीच मागवायला लावलं होतं. ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवलेलं, दसऱ्याचं हळदकुंकू अजून त्याच्यावर तसंच. मी म्हटलं, भाऊ, हे खळ्यावर न्या. भाऊ हसले.

"साहेब, आमच्या दाढा निजामाच्या राज्यापासून बाजरी चावून राह्यल्या. तुमचं मशीन कवा आलं? परवा."

"भाऊ, पाकीट वेगळं आहे. दाढ तीच ठेवून चालणार नाही."

"बिलकुल चालंल. आवाज बराबर येऊन राह्यला न्हवं?"

मी उठलो. खुर्ची मागे सरकवताना जरा जोरात सरकवली, एवढंच माझ्या हातात होतं.

बी भरलं गेलं. चकचकीत पाकिटं, वर कणसाचं चित्र. गाड्या भरून दुकानांत गेली, वडीगोद्रीलाही गेली. सासऱ्यांनी ती दर्शनी फळीवर मांडली. उन्हाळाभर ती पत्र्याखाली तापत राहिली. मृग गेला, पेरण्या झाल्या, आणि वडीगोद्रीच्या आसपासच्या कितीतरी शेतांत बाजरी उगवलीच नाही. कुठे एक ठोंब, कुठे हातभर अंतराने दुसरं. लोक मोकळी पाकिटं हातात घेऊन दुकानापुढे उभे राहिले. कंपनीची जीप आली. जीपमधून एक इस्त्रीवाला साहेब उतरला, पाकीट उन्हात धरून उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "यातून हवाच जात नाही. आत बी गुदमरलं."

आता हा शब्द बघा. 'ओलावा' म्हटलं की कुणाचं काही बिघडत नाही, ओलावा देवाघरचा. पण 'गुदमरलं' म्हटलं की गुदमरवणारा कुणीतरी लागतो. बी जिवंत असतं हे आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. जिवंत वस्तू पन्नीत कोंडली तर ती मरणार, हे पटवायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. तो शब्द आठवड्यात अंबडपासून घनसावंगीपर्यंत पोचला. जीपच्या ड्रायव्हरने नेला, बाजाराला आलेल्यांनी नेला. आणि माझ्या सासऱ्यांनी त्याला माझं नाव जोडलं. कंपनीची एजन्सी त्यांच्याकडे होती. कंपनीवर बोट दाखवलं तर एजन्सी जाणार. जावई कुठे जाणार होता?

बायकोने मला हे सांगितलं ते भाकरी करता करता, माझ्याकडे न बघता. "अण्णा म्हणून राह्यले का, तुमच्या पन्नीनं केलं."

"अण्णांना माहीत आहे, मी भाऊंना काय सांगितलं होतं ते. मी त्यांच्याच ओट्यावर बसून बोललोय."

तिने भाकरी उलटली. कारखान्याच्या मालकांनीही त्याच आठवड्यात बोलावून घेतलं आणि सांगितलं की कंपनी पाकीट बंद करतेय, तेव्हा ते मशीन दुसऱ्या कुठल्या कामाला लागेल ते बघा. मशीनचं मला फारसं वाटलं नाही. मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या पाकिटाने बी मारलं नाही हे कुणीतरी, त्या रस्त्यावर, मोठ्याने म्हणायला हवं होतं.

त्या साली अधिक महिना नेमका पावसाळ्यात आला. वडीगोद्रीहून धोंड्याच्या जेवणाचा निरोप आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याचे पाय धुवायचे, त्याला पुरणाचे धोंडे आणि अनारसे जेवू घालायचे. आपण गावभर ज्याची बदनामी केली त्याचे पाय धुवायचे, ही सोय आपल्या धर्मातच असावी. एसटीत बायको म्हणाली, "आज जेवायचं. बोलायचं न्हाई." मी बरं म्हटलं. मनात काय होतं ते तिलाही ठाऊक असणार, कारण पिशवी माझ्या मांडीवर होती आणि आमच्या कारखान्यातलं ओलावा मोजायचं यंत्र हलकं नसतं.

पाय धुवायचा पाट सासऱ्यांनी ओसरीवर मांडला होता, घरात नाही. ओसरी दुकानाला लागून. दुकानाच्या बाकावर चारपाच शेतकरी बसलेले, त्यांच्यातल्या दोघांची दुबार पेरणी झालेली. सासऱ्यांनी परातीत माझे पाय घेतले आणि वरून कोमट पाणी घातलं. हळद लावली. बाकावरून एकजण म्हणाला, "अण्णा, बी मारणाऱ्याचेच पाय धुऊन राह्यले का?" बाकी हसले. सासरेही हसले. माझा पाय त्यांच्या हातात होता आणि ते हसले.

मी ओल्या पायांनीच उठलो. दुकानात शिरलो. म्हटलं, "मामा, त्याच मालाचं न फोडलेलं पाकीट द्या."

"आधी जेवण, जावईबापू."

"आधी पाकीट."

ते हलले नाहीत, म्हणून मीच फळीखालच्या खोक्यातून काढलं. परत पाठवायला बांधून ठेवलेले खोके होते. बाकावरच्या लोकांसमोर कात्रीने पाकिटाचं तोंड कापलं आणि पाकीट एकेकाच्या नाकाखाली नेलं. कुबट वास आला, पावसाळ्यात पेटीच्या तळाला राहिलेल्या कपड्यांना येतो तसा. मी पाकीट फळीवर उपडं केलं. औषध लावलेली गुलाबी बाजरी गाठी-गाठींनी पडली. एकाने सवयीने दाणा तोंडाकडे नेला, मी त्याचा हात धरला. "विष आहे त्यावर." मग यंत्रात बी भरलं, काटा दाखवला, आणि काटा कुठे असायला हवा होता तेही दाखवलं. जवळजवळ दुप्पट ओलावा. भाऊंच्या खळ्यावरची दाढ, कापडी पिशवी आणि पाकीट यांतला फरक, सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता. चढू दे, म्हटलं.

ज्याने पाय धुण्याबद्दल विचारलं होतं तोच म्हणाला, "हे तर भिजट हाय." मग बोटाने एक गाठ फोडत, "मंग वलं बी भरलं कुनी?"

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, कंपनीने. चार अक्षरं. त्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं, आता बाकालाही माहीत झालं होतं. त्यांनी फळीवरची बाजरी हाताने गोळा केली, काही खाली सांडली, उरलेली पाकिटात भरली आणि पाकिटाचं तोंड दुमडून ते खोक्यात ठेवलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "धोंडे निवून राह्यले."

मी जेवलो. उठून जायला हवं होतं असं मला पुढे कितीतरी जण म्हणाले, पण त्यांच्या बायकोचं माहेर ते नव्हतं. पुरण उत्तम झालं होतं, हे सांगतानाही मला संताप येतो. सासरे समोर बसून अनारसा वाढत होते, "आजून एक, आजून एक" करत. परतताना एसटीत बायको खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आता माझ्यापुढं हा विषय नको. तुमच्याकडून न्हाई, अण्णांकडून न्हाई." तिने तो नियम पाळला आणि आमच्याकडून पाळून घेतला. मला वाटायचं, ती त्यांच्या बाजूची आहे. त्यांनाही कदाचित ती माझ्या बाजूची वाटत असेल. आमच्या दोघांचा हा एकच विचार जुळलेला.

बाकावरच्या लोकांनी खरं काय ते इतरांना सांगितलं असेल, काहींनी तरी. पण कंपनीने बी गुपचूप बदलून दिलं, आणि बदलून मिळालेल्या माणसाला कारणाची गरज राहत नाही. पुढच्या हंगामात कंपनीचं बी पुन्हा कापडी पिशवीत आलं. पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'मोकळा श्वास घेणारं बियाणं'. त्याचा रंगवलेला फलक सासऱ्यांनी दुकानावर लावला. मी एसटीतून जाताना तो फलक दिसायचा. मी मुद्दाम पलीकडच्या बाजूला बसू लागलो.

माझ्या मशीनला काम मिळालं, ते गुटख्याच्या पुड्यांचं. तीच फॉइल, तेच थर, फक्त चित्र कणसाचं नाही. हवा लागू न देणाऱ्या पाकिटाची खरी कदर गुटखेवाल्यांनी केली. ते ओलाव्याबद्दल माझं प्रत्येक वाक्य लक्ष देऊन ऐकत आणि तसंच करत. एवढी शहाणी गिऱ्हाइकं मला दुसरी भेटली नाहीत. वडीगोद्रीच्या दुकानातही त्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, माल आमच्या जावयाच्या कारखान्याच्या पाकिटातला आहे, कधी सर्दत नाही. या बाबतीत माझं नाव घ्यायला त्यांना अभिमान वाटत होता. मी एकदा म्हटलं, "मामा, हे तेच पाकीट आहे." ते म्हणाले, "आसंल की."

मग दोन हजार सालानंतर कापसाचं महागडं बियाणं आलं आणि ते सगळंच्या सगळं फॉइलच्या हवाबंद पाकिटात आलं. बाहेरच्या मोठमोठ्या कंपन्यांची पाकिटं. बी यंत्राने वाळवलेलं, यंत्राने मोजलेलं. मी वर्षानुवर्षं जे सांगत होतो ते पाठीमागे छापून आलं होतं. ते वाचून मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण झाला नाही. मला वाटलं, एवढ्यासाठी मी का ओरडलो?

त्या सुमारास एका उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही वडीगोद्रीला गेलो होतो. सासरे थकले होते, पण गल्ल्यावर तेच बसत. मी पंख्याखाली. बायको चहाचे कप घेऊन आतून आली होती. घनसावंगीकडचा एक म्हातारा शेतकरी कापसाचं पाकीट हातात घेऊन उभा होता. तो ते दाबून बघत होता, कानाशी नेऊन हलवत होता.

"अण्णा, पन्नीतलं बी हाय. मागं एकदा गुदमरलं व्हतं ना आपल्याकडं? आमची बाजरी गेल्ती."

सासऱ्यांनी चष्मा नीट केला. मी तिथे बसलोय हे त्यांना दिसत होतं. "ते आमच्या जावयाच्या कारखान्याचं व्हतं," ते म्हणाले. "हे कंपनीचं हाय. हे न्हाई गुदमरत. बिनधास्त न्या."

मी उठलो नाही. मला वाटलं, आता काय उरलंय उठायला. कप माझ्यापुढे ठेवता ठेवता बायको थांबली. ती म्हाताऱ्याकडे वळली.

"काका, ते बी गुदमरलं नव्हतं. वलं भरल्तं कंपनीनं. त्या दिवशी हितं फळीखाली सांडलेलं मीच झाडून काढलं, हात धुतले तरी कुबट वास जात नव्हता. अण्णांना सगळं म्हाईत हाय."

"तू आत जाय," सासरे म्हणाले.

ती गेली नाही. गल्ल्यासमोर तशीच उभी राहिली, हातात रिकामा ट्रे, आणि म्हाताऱ्याने ते पाकीट नेलं की परत फळीवर ठेवलं, ते मी पाहिलंच नाही.